ॲप वापरताना फोन कोणाच्या हातात जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी परिसरातील एका मच्छीमार सहकारी संस्थेसाठी चार जणांचा चमू ॲप तयार करत आहे. बोटीने आणलेल्या मासळीची नोंद, लिलावातला दर, पैशांचा हिशेब आणि हवामानाचा इशारा या चार गोष्टी त्यात असतील. संस्थेच्या संचालकांचे म्हणणे असे की फोन आता घरोघरी आहे आणि ज्याला जमणार नाही त्याला त्याची मुले करून देतील. तेव्हा दिव्यांग, वृद्ध आणि कमी शिकलेले यांचा विचार दुसऱ्या आवृत्तीत करू. प्रश्नकर्त्याला हे पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. पहिल्याच आवृत्तीत यावर वेळ खर्च करावा का, कायद्याने ते बंधनकारक आहे का, ‘सामाजिक जबाबदारी’ हा मोठ्या कंपन्यांचा विषय आहे की आपलाही, आणि चार माणसांनी सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

‘मुले करून देतील’ हे संचालकांचे वाक्य मी बाजूला सारणार नाही, कारण सगळा विषय त्यातच आहे. जे काम ॲपमुळे एखाद्याला स्वतः करता येत नाही, ते काम नाहीसे होत नाही. ते पुतण्याकडे जाते, नाक्यावरच्या मोबाइल दुकानदाराकडे जाते, किंवा सेवा केंद्रात बसलेल्या मुलाकडे जाते. कामाबरोबर फोन जातो, फोनबरोबर पिन जातो, खात्यातली शिल्लक दिसते आणि ‘मला मान्य आहे’ हे बटणही तोच दाबतो. बहुतेक वेळा यात काही वाईट घडत नाही. पण ज्या विधवा मासळीविक्रेतीला आपली शिल्लक दिराला कळू द्यायची नाही, तिच्या दृष्टीने तुमचे ॲप तिला मदत करणारे राहत नाही. तिच्याबद्दलची माहिती घरात पसरवणारे ते एक साधन होते.

म्हणून सर्वसमावेशक रचनेसाठी मी एकच कसोटी सर्वांत आधी लावते. माणसाने काम सुरू केल्यापासून ते पुरे होईपर्यंत फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला का, आणि लागला असेल तर नेमका कोणत्या पडद्यावर? या कसोटीची सोय अशी की दिव्यांग, वृद्ध, निरक्षर अशी माणसांची आधी वर्गवारी करावी लागत नाही. ज्या पडद्यावर अंध माणूस अडतो, तेथेच बहुधा चष्मा घरी विसरलेला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, अडतो आणि हाताला बर्फ व खवले लागलेली बाईही अडते. तिघांची कारणे निरनिराळी असतात, पण दुरुस्ती पुष्कळदा एकच असते. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची नोंद २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, इतकी झाली होती. हा आकडा दाखवून ‘एवढ्याशा लोकांसाठी’ असे म्हणणारे संचालक मंडळ ज्यांची मोजणीच होत नाही अशा तात्पुरत्या अडचणी विसरते : मोतिबिंदूची वाट पाहणारा डोळा, पट्टी बांधलेले बोट, दुपारच्या उन्हात काळा पडणारा पडदा.

आता कोकणाची गोष्ट घ्या. याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. यामागचे कारण तुम्हाला सांगायला नको; कमावता पुरुष मुंबईला, घर आणि शेत बाईच्या हाती. पण याचा ॲपच्या रचनेवर होणारा परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. आईच्या बँक खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो, कारण खाते उघडले त्या वेळी घरात तोच एक फोन होता. आई बंदरावर उभी आणि ओटीपी घाटकोपरला, अशी परिस्थिती येथे अपवादाची नाही. ओटीपीची मुदत तुम्ही तीस सेकंदांची ठेवली असेल, तर मुलगा लोकलमधून फोन उचलून आकडे सांगेपर्यंत ती संपलेली असते. शिवाय ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ या सूचनेच्या नेमके उलट वागण्याची सवय आपणच त्या घराला लावत असतो. उपाय अवघड नाहीत. मुदत काही मिनिटांची ठेवा. आकडे वाचून पुन्हा टंकण्याऐवजी ते आपोआप भरले जातील किंवा चिकटवता येतील अशी सोय द्या. वेब सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांसह सर्वांना वापरता येण्याच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत प्रवेशाच्या वेळी स्मरणशक्तीची किंवा आकडे उतरवून काढण्याची परीक्षा घेऊ नये, घेतलीच तर दुसरा मार्ग ठेवावा, असा निकषच आहे. नोंदवलेला नंबर संस्थेच्या कार्यालयात ओळख पटवून बदलता आला पाहिजे. आणि एकदा ओळख पटलेल्या फोनवर रोज नव्याने ओटीपी मागू नका. दर पाहण्यासाठी तर मुळीच नको.

घरातल्या माणसाने मदत करणे वाईट आहे, असे मी म्हणत नाही. कोकणातल्या घरांत ते चालणारच. पण मदत घ्यायची तर ती उघडपणे घेता आली पाहिजे. खातेदाराने ‘माझ्या वतीने हा माणूस मासळीची नोंद करू शकेल, पैसे काढू शकणार नाही’ असे ठरवावे, त्याला स्वतःचा वेगळा प्रवेश असावा आणि कोणी काय केले याची नोंद खातेदाराला एसएमएसने कळावी. आईचा पिन मुलाला पाठ असणे आणि आईने मुलाला मर्यादित अधिकार देणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी स्थानिक अडचण रेंजची. खाडीकाठच्या आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांमध्ये रेंज मिळवण्यासाठी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, जावे लागते, हे येथे कोणालाही विचारा. ॲप जर प्रत्येक पडद्याला सर्व्हरशी बोलत असेल, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाने ते वापरायचे कसे? नोंद फोनमध्येच साठली पाहिजे, रेंज आल्यावर ती आपोआप गेली पाहिजे, आणि ‘साठवली आहे, अजून पाठवलेली नाही’ हे शब्दांत स्पष्ट दिसले पाहिजे. फिरणारे वर्तुळ पुरेसे नाही, कारण ते पाहून माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबतो आणि एका टोपलीच्या तीन नोंदी होतात. अशा दुहेरी नोंदी सर्व्हरवर ओळखण्यासाठी प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र क्रमांक द्यावा. हे काम पहिल्या आवृत्तीत केले नाही, तर नंतर अर्धे ॲप पुन्हा लिहावे लागते.

हवामानाच्या इशाऱ्याबद्दल थोडे अधिक सांगते, कारण तेथे चूक झाली तर ती हिशेबाच्या चुकीसारखी नंतर सुधारता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत अनेक गावांत वीज आणि मोबाइल सेवा दीर्घकाळ बंद होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत सरकत गेले. इशारा फक्त ॲपच्या सूचनेतून देणारी रचना ज्या दिवशी तिची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी बंद पडते. म्हणून वादळ येण्याच्या आधीच्या दिवसांत साधा एसएमएस आणि मराठीतला ध्वनिमुद्रित फोन यांची जोड हवी. बटणांचा फोन वापरणाऱ्या खलाशालाही ती पोहोचते. हवामान विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत येतात. तुम्ही ते नकाशावर फक्त रंगाने दाखवले, तर लाल-हिरव्याचा भेद न कळणाऱ्याला ते दिसूनही समजणार नाहीत. आणि हा दोष एक्स गुणसूत्राशी निगडित असल्याने तो पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, म्हणजे बोटीवर जाणाऱ्यांतच जास्त. बंदरावर बावटा लावण्याच्या जुन्या पद्धतीत हा विचार होता. दिवसा शंकू आणि दंडगोल यांच्या आकारांवरून, रात्री दिव्यांच्या मांडणीवरून संकेत कळत असे, आणि ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे तोंडी सांगितले तरी गावभर अर्थ पोहोचत असे. रंगाबरोबर आकार, शब्द आणि क्रमांक द्या. आणि ‘वाऱ्याचा वेग इतका’ एवढ्यावर न थांबता ‘आज बोट बाहेर काढू नये’ असे वाक्य सर्वांत वर ठेवा.

पडद्यावरच्या मूलभूत गोष्टींकडे आता वळते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील गुणोत्तर, म्हणजे कॉन्ट्रास्ट, साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३:१ असावे, हा डब्ल्यूसीएजीचा एए, म्हणजे तीनपैकी मधल्या, पातळीचा निकष आहे. वातानुकूलित खोलीत बसून ठरवलेली फिकट राखाडी अक्षरे रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर दुपारी दिसत नाहीत. मी तर दराचे आकडे ७:१ च्या खाली जाऊच देत नाही. बोटाने दाबायची जागा २.२ आवृत्तीनुसार किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (पडद्यावरची मापे ठरवण्याचे एकक) हवी, पण ही अगदी तळाची मर्यादा झाली. अँड्रॉइडची स्वतःची शिफारस ४८ डीपीची, म्हणजे सुमारे नऊ मिलिमीटरची आहे, आणि ओल्या बोटांसाठी तीच धरावी. ‘बोली स्वीकारा’ आणि ‘बोली नाकारा’ ही दोन बटणे मात्र कितीही मोठी असली तरी एकमेकांना चिकटवू नयेत. फोनमधील अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर कापला जाऊ नये. मराठीत हे तपासणे जास्त गरजेचे आहे, कारण ओळींमधले अंतर रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठेवलेले असते. त्यामुळे वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, आणि मात्रा गेलेला शब्द अडखळत वाचणाऱ्याला दुसराच शब्द वाटतो.

पानाची किंवा ॲपची भाषा मराठी असल्याचे सांकेतिक खुणेने नोंदवणे हे काम एका ओळीचे आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. ती खूण असली तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय, मराठी आवाज निवडू शकतो, आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. बटणांवर रोमन लिपीत लिहिलेली मराठी कधीही ठेवू नका. इंग्रजी आवाज ती वाचतो तेव्हा ऐकणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. चित्ररूप बटणांना मजकुराची नावे द्या, नाहीतर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर फक्त ‘बटण’, ‘बटण’ असे म्हणत राहतो. शोधाच्या बाबतीत एक बारकावा असा की ‘कऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक सांकेतिक पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर नुक्तायुक्त ऱ वापरून, तर दुसऱ्यावर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून तो येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे, आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. तुम्ही स्वतः ते एक केले नाही तर सभासदाचे नाव यादीत असूनही सापडणार नाही. मासळीच्या नावांचेही तसेच आहे. ‘सुरमई’ शोधणाऱ्याला आणि ‘इसवण’ शोधणाऱ्याला एकच पान मिळाले पाहिजे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रे कळतात, या समजुतीवर माझा फारसा विश्वास नाही. तीन आडव्या रेघा म्हणजे यादी, दात असलेले चाक म्हणजे व्यवस्था, हे शिकलेल्या माणसांनी फोनवरच शिकलेले संकेत आहेत. बांगडा आणि तारली यांची रेखाचित्रे शेजारी ठेवून पाहा. रोज मासळी हाताळणारी बाई ओळखेल, पण तुम्ही काढलेल्या चित्रातून नव्हे. तेथे खरे छायाचित्र हवे, खाली नाव हवे, आणि दाबल्यावर नाव उच्चारले जावे. आवाजाची ताकद आपल्याकडे सिद्ध झालेली आहे. दुकानातला साउंडबॉक्स ‘एवढे रुपये मिळाले’ असे मराठीत सांगतो, त्यामुळे गर्दीत, हात मासळीत असताना, पडदा न पाहता आणि कोणाला न विचारता विक्रेतीला पैसे आल्याची खात्री होते. खोटा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याचेही त्यापुढे चालत नाही. तो खास अंधांसाठी काढलेला नव्हता, तरी माझ्या कसोटीवर तो पुरता उतरतो. बोलून नोंद करण्याची सोय मात्र जपून आणा. प्रमाण मराठीवर शिकलेल्या यंत्रणा मालवणी बोलीत, वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात चुकतात. ‘पावणेदोनशे’ आणि ‘अडीचशे’ यांची तर वेगळी चाचणी घ्या. ऐकलेला आकडा मोठ्याने परत उच्चारून होकार घेतल्याशिवाय व्यवहार पुढे सरकवू नये.

भाषेचा विषय मराठीपाशीच संपत नाही. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, कर्नाटकातले आणि उत्तर प्रदेशातलेही आहेत. हिशेबातला त्यांचा वाटा त्यांना स्वतः वाचता किंवा ऐकता आला नाही, तर ‘समावेश’ हा शब्द आपण फक्त आपल्या माणसांपुरता वापरत आहोत असे होईल.

फॉर्मच्या रकान्यांकडे तंत्रज्ञ मंडळी फार सहज पाहतात आणि सर्वांत जास्त दुखावणारे प्रकार मला तेथेच दिसले आहेत. ‘पतीचे किंवा वडिलांचे नाव’ हा रकाना सक्तीचा असतो तेव्हा परित्यक्ता स्त्रीला रोज एक प्रश्न विचारला जातो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले; आपल्या फॉर्ममध्ये मात्र जुनाच साचा राहतो. मासळीच्या लिलावासाठी वडिलांच्या नावाची गरज काय, हे आधी विचारा. ‘नौकामालक’ हाच एक खातेदाराचा प्रकार ठेवला, तर बोटीवर नाव नसलेल्या पण विक्रीचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या स्त्रिया ॲपमधून आपोआप बाहेर पडतात. पहिल्या दिवसापासून ‘विक्रेती’, ‘खलाशी’ आणि ‘रापणीतील (किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या जाळ्यातील) भागीदार’ असे प्रकार हवेत.

पत्त्याचा रकाना याहून नाजूक आहे. शहरातल्या साच्यात इमारत आणि रस्ता असतो. आपल्याकडे वाडी, मुक्काम पोस्ट आणि तालुका असतो. म्हणून वाडीचा रकाना तर हवाच. पण कोकणात पुष्कळदा वाडीवरून जात कळते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो याच कारणाने. आता तुमच्या ॲपमध्ये बोली लावणाऱ्याला विक्रेत्याचे नाव आणि वाडी दिसत असेल, तर लिलावात जात आणून बसवण्याचे काम तुमच्या पडद्याने केले. आणि उद्या संस्थेने उचल देण्यासाठी ‘कोण फेडेल’ याचा अंदाज बांधणारी यंत्रणा बसवली, जुन्या व्यवहारांवर तिला शिकवले आणि त्यात वाडीचा रकाना राहिला, तर जातीचा रकाना नसूनही ती जातीवरून भेद करायला शिकेल. कोणी हेतुपुरस्सर काही केले नाही, असे म्हणायला सगळे मोकळे राहतील. वाडी फक्त पोहोचवणी करणाऱ्याला दिसावी, बोली लावणाऱ्याला बोटीचा नोंदणी क्रमांकच दिसावा आणि पतविषयक हिशेबातून पत्ता पूर्णपणे वगळावा. प्रश्नकर्त्याने सामाजिक जबाबदारीबद्दल जे विचारले आहे, त्याचे माझे उत्तर अशा निर्णयांत आहे. ती तुमचीच आहे, कारण कोणता रकाना कोणाला दिसावा हे तुम्हीच ठरवत आहात.

ओळख पटवण्याच्या बाबतीत बोटांच्या ठशांवर एकट्याने विसंबू नका. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते. काजू सोलणाऱ्या स्त्रियांचे, चिऱ्याच्या खाणीत काम करणाऱ्यांचे आणि दिवसभर बर्फात हात घालणाऱ्यांचे ठसे झिजतात. चेहऱ्याची पडताळणी आणली आणि ‘डोळे मिचकावा’ असे सांगितले, की दुसरीच माणसे अडतात. याच प्रश्नावर ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि अंध व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला आणि ई-केवायसी, म्हणजे ग्राहकाची ऑनलाइन ओळख पडताळणी, सुगम्य करण्यासाठी वीस निर्देश दिले.

कायद्याचे बाकीचे थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे ४२ वे कलम माहिती आणि संदेशवहन तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे, तर ४६ वे कलम सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोघांनाही लागू होते. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक उपलब्ध आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करण्यास सांगितले. तेव्हा ‘दुसऱ्या आवृत्तीत पाहू’ ही भूमिका संस्थेला कायद्याच्या दृष्टीनेही धोक्याची आहे, हे संचालकांना लेखी कळवावे. बैठकीत तोंडी सांगितलेले इतिवृत्तात येत नाही.

संमतीबद्दल डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ स्पष्ट आहे. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि संमती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे लागते. मराठी त्या अनुसूचीत आहेच. कोकणी आणि नेपाळी १९९२ मध्ये त्यात आल्या. तुमच्या ॲपसाठी सर्वांत संवेदनशील माहिती बोटीच्या ठिकाणाची आहे. मासळी कोठे मिळाली हे तांडेल सख्ख्या भावालाही सांगत नाही, आणि आपण ‘नेहमी परवानगी द्या’ असे बटण पुढे करतो. संकटाच्या वेळी बोट शोधण्यासाठी ठिकाण लागत असेल, तर ते तेवढ्यासाठीच घ्या, ठरलेल्या दिवसांनी पुसा आणि व्यापाऱ्याला कधीही दाखवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या रचना नमूद केल्या आहेत. त्यांतल्या खोट्या घाईबद्दल तुम्ही विशेष सावध राहा. लिलाव खरोखर घाईचा असतो, त्यामुळे उलट मोजणारे घड्याळ लावण्याचा मोह होतो. ज्याला वाचायला वेळ लागतो तो अशा घड्याळासमोर न वाचता बटण दाबतो.

एक गोष्ट मात्र ॲपच्या बाहेरची आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत अनेक घरे व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि पुढे मासळी त्यालाच घालतात. खुल्या लिलावाने दर सुधारतील, पण व्यापारी दूर झाला तर ती उचल कोण देणार, याचा विचार संस्थेने केलेला नसेल, तर सर्वांत गरीब सभासदच पहिल्या पावसाळ्यात ॲप सोडतील आणि त्याचे खापर ‘लोकांना तंत्रज्ञान जमत नाही’ या नेहमीच्या वाक्यावर फुटेल. हा प्रश्न तुम्ही सोडवू शकणार नाही. तो आमसभेसमोर ठेवणे एवढे तुमच्या हाती आहे.

चार माणसांच्या चमूला माझा सल्ला असा, की आवाजाने नोंद, आलेख आणि सजावट पहिल्या आवृत्तीतून काढा. त्या वेळेत रेंजशिवाय चालणारी नोंद, योग्य कॉन्ट्रास्ट, बटणांची नावे, मोठी अक्षरे, ओटीपीची मुदत आणि एसएमएसची पावती एवढे पक्के करा. यांतल्या बहुतेक गोष्टी सुरुवातीलाच केल्या तर फार थोड्या खर्चात होतात. वेबसाइटच्या कोपऱ्यात ‘सुगम्यता’ असे बटण चिकटवून देणाऱ्या तयार सेवा घेऊ नका. आतली रचना सदोष असेल तर त्या ती झाकतात, दुरुस्त करत नाहीत. कार्यालयातली कागदी वहीही बंद करू नका. ज्याला ॲप नको आहे त्याला त्याच दराने, त्याच रांगेत व्यवहार करता आला पाहिजे.

चाचणीसाठी संचालकांची मुले नकोत. एखादी वयस्कर मासळीविक्रेती, चष्मा लागणारा तांडेल, परप्रांतीय खलाशी, अंध किंवा अल्पदृष्टी असलेला सभासद किंवा त्याच्या घरातला कोणी, आणि मुंबईच्या मुलाचा नंबर जोडलेली एखादी आई यांना बोलवा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. त्यांच्याच फोनवर, बंदरावरच, एकच काम सांगा आणि गप्प राहा. बोट दाखवून मदत केलीत की चाचणी संपली. फोन कोणत्या पडद्यावर हातातून सुटतो, एवढे लिहून घ्या आणि त्या पडद्यापासून दुरुस्ती सुरू करा. हे सगळे बंदीच्या दोन महिन्यांत उरकायला हवे. तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसे जाळी विणत बसलेली असतात आणि त्यांच्याकडे तुम्हाला द्यायला वेळ असतो. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला की तो मिळणार नाही.